सत्तावीस नंबरच्या बागेतलं अळू

११ मार्च

सूप म्हणाले! का म्हणाले??

आशियाई भाजीच्या दुकानात हान्हबाई माझ्या अळकुड्या वजनकाट्यावर ठेवत होत्या. साधं विचारलं त्यांनी — "काय करणार गं याचं?" खरं उत्तर एका वाक्याचं होतं. एका अळकुडीला कोंब फुटलेला, गुलाबी, करंगळीएवढा. मला तो वाढवून बघायचा होता. पण तोंडातून आलं "सूप".

"एवढ्या? एकटीला?"

"सहा जण आहेत घरी."

सहा! घरी मी एकटी. हाइड्रून आत्या पडली, खुब्याचा सांधा बदलला, ती हॉस्पिटलात. बाकीचे चार कुठून आणले मी? तरी बरं, त्यांनी नावं नाही विचारली.

ते दुकान मला आवडतं ते कोणी काही विचारत नाही म्हणून. आता तेही गेलं.

१२ मार्च

अळकुडी दह्याच्या डब्यात, माती घालून, हीटरवर. कोंब वर. की खाली? वर.

१५ मार्च

भाड्याने बागा देणाऱ्या बागवसाहतीकडून आत्याच्या नावाने पत्र. नोटीस! सत्तावीस नंबरच्या बागेत तिसऱ्या भागावर भाजी किंवा फळं नाहीत. नियम सगळ्या लाइपझिगला पाठ आहे — तिसरा भाग पोटासाठी, बाकीत काय हवं ते लावा. आत्याकडे गवत आणि डेलिया. जुलैच्या पाहणीपर्यंत चाळीस चौरस मीटर भाजी दिसली पाहिजे, नाहीतर बाग काढून घ्यायचा ठराव सभेपुढे येईल. खाली पीचसाहेबांची सही. अध्यक्ष. सहीसुद्धा पट्टी लावून केल्यासारखी.

आत्याकडे ती बाग एकेचाळीस वर्षं आहे. शाळा सोडल्यावर तिच्याकडे राहायला आले तेव्हा पहिल्या दिवशी किल्ली हातात दिली तिने — "जा, बस तिथे. कोणी बोलणार नाही तुझ्याशी." तेव्हापासून रोज जाते. सकाळी लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या, दुपारी बाग. चादरीही काही विचारत नाहीत.

फोनवर आत्याला नोटिशीचं सांगितलं. मग म्हणाली, "इथे दर बुधवारी मासे देतात, येट्टे. उकडलेले. मीठ नाही, काही नाही." विषयच बदलला! किती लागलं असेल मनाला.

बाग जाऊ देणार नाही. आत्यासाठी.

२२ मार्च

बियाणांच्या दुकानात गेले. नवलकोल, गाजर, घेवडा — नावं घोकत गेले. काउंटरवरची बाई म्हणाली, "बोला!" अशी म्हणाली की सगळं पुसलं गेलं. मागे पाचजण रांगेत. समोर जे पाकीट होतं ते उचललं, पैसे दिले, पळाले.

मांजराचं गवत. मांजरांना पोट साफ व्हायला देतात ते.

आमच्याकडे मांजर नाही.

२३ मार्च

डब्यातल्या अळकुडीला पान आलं. गुंडाळलेलं, छत्रीसारखं. दुपारी उघडलं!! मधे पाण्याचा एक थेंब, पाऱ्यासारखा पळतो. मी अर्धा तास त्याला पळवत होते.

आणि मग सुचलं — ही भाजीच आहे की. भाजीच्या दुकानातून आणली. आणि तिथे "बोला" म्हणत नाहीत.

४ एप्रिल

हान्हबाईंकडून आज: अळकुड्या दोन किलो, आलं, हळद, गवती चहा, रताळी, एक चौचौ (वेलाचं फळ, पेरूएवढं, हिरवं), एक कमळकाकडी.

"सूप कसं झालं?"

"छान."

"आजीला आवडलं?"

आजी मागच्या खेपेला मीच सांगितली होती. दात नसलेली. आता जुळे भाऊही आहेत, आणि एक काका, तो फक्त पातळ पदार्थ खातो. मी असं का करते? हान्हबाईंनी आजीसाठी म्हणून कोथिंबीर फुकट दिली. आणि बजावलं, "अळू नीट शिजव हं. कच्चं राहिलं तर घशात सुया टोचतात. आजीला तर मुळीच नको." मी मान हलवली. नसलेल्या आजीच्या घशाची मला खरंच काळजी वाटली.

९ एप्रिल

आलं बाथटबमध्ये (कुंड्यांत — आंघोळ सिंकपाशी). गवती चहा बिअरच्या ग्लासात. रताळी पडदा धरून वर निघाली. चौचौ नुसता टेबलावर ठेवला होता, पाणी नाही, माती नाही, तर त्याने जीभ बाहेर काढावी तसा कोंब काढला. माझ्याकडे बघून.

११ एप्रिल

कमळकाकडी कुजली. वास!! खालच्या मजल्यावरून चिठ्ठी आली — गटार तुंबलंय का?

२ मे

बागेत खणत होते. शेजारच्या सव्वीस नंबरचे उवेकाका कुंपणावर कोपरं टेकून बघत बसले. ते दिवसभर तेच करतात. त्यांना उत्तरं लागत नाहीत, स्वतःच देतात, म्हणून मला ते चालतात.

"काय पोरी, थडगं खणतेस की काय? ... नाही? बरं. मग भाजी. कसली? ... सांगू नकोस, मला कळेलच. पण ऐक, गार सोफी जाईपर्यंत बाहेर काही लावायचं नाही!"

हे मला माहीत आहे. इथे जन्मलेल्या कुत्र्यालाही माहीत आहे. पंधरा मे, गार सोफीचा दिवस, त्यानंतर थंडी मारत नाही.

१६ मे

सोफी गेली!

चौतीस कुंड्या. आत्याच्या चाकांच्या वॉकरवर बांधून ट्राममधून सहा फेऱ्या. तिसऱ्या फेरीत पानं एवढी पसरली की मी दिसतच नव्हते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उठून जागा दिली. मला की अळूला, माहीत नाही. आम्ही दोघं बसलो.

आत्या आता हॉस्पिटलातून समुद्रकाठी गेली, इंगेबोर्ग नावाच्या मैत्रिणीकडे. "जरा चालायची सवय." जूनमध्ये येणार म्हणे. बागेबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारवत नसेल.

८ जून

पाऊस. ऊन. पाऊस. अळू माझ्या कमरेपर्यंत.

१९ जून

चौचौ गायब! वेलाचं टोक सापडेना. शोधत शोधत कुंपण ओलांडून गेले तर उवेकाकांच्या बागेतल्या खोलीवर. छप्पर झाकून टाकलंय, आणि कौलावरचा पत्र्याचा कोंबडा — वारा दाखवणारा — त्याला गळ्याला विळखा. कोंबडा आता कायम पश्चिमेकडे बघतो.

मी तिथेच थिजले. उवेकाका बाहेर आले, वर बघितलं, डोकं खाजवलं.

"राहू दे गं. सावली झाली. आणि बायकोला फाटकातून मी दिसत नाही आता."

२७ जून

आत्याचं कार्ड. समुद्र, एक सील, आणि मागे — "हवा छान. ऑगस्टमध्ये येईन म्हणते. इंगेबोर्ग पत्त्यात लबाडी करते." बागेचं नाव नाही. बिचारी.

५ जुलै

अळू माझ्या खांद्याएवढं! पानाखाली उभं राहिलं की पाऊस लागत नाही, फक्त ऐकू येतो. मी टेप घेऊन मोजलं. अळू, रताळी, आलं, हळद, गवती चहा मिळून एकेचाळीस चौरस मीटर. एक जास्तच!

पुढच्या शनिवारी पाहणी. एकच वाक्य म्हणायचंय — "ही सगळी भाजी आहे, आणि ही शिजवून खातात." आरशासमोर म्हटलं. उवेकाकांच्या बागेतल्या मातीच्या बुटक्या पुतळ्यांसमोर म्हटलं, सात बुटके, कोणी हसलं नाही. येतंय!

१२ जुलै

नाही आलं.

तरी सगळं लिहिते.

पीचसाहेब दहा वाजता आले. काखेत फाईल, हातात लाकडी मीटरपट्टी. मागे वही घेऊन नॉयबर्टबाई, सेक्रेटरी. पाहणीत पीचसाहेब प्रत्येक बागेतलं काहीतरी चाखतात — मुळा, गाजर, पण मुख्य म्हणजे नवलकोल. खिशातला चाकू काढायचा, उपटायचा, सोलायचा, उभ्या उभ्या कचाकचा. त्रेसष्ट बागा. त्या दिवशी ते जेवत नाहीत म्हणतात. उवेकाका सगळ्यात मोठा नवलकोल फाटकाशी लावून ठेवतात, लाच म्हणून.

आमच्या फाटकात येऊन थांबले. बराच वेळ वर बघत राहिले.

"हे काय आहे?"

मी — काही नाही.

"शोभेचं दिसतंय," नॉयबर्टबाई. "हॉटेलांच्या दारात असतं असलं."

मी मान हलवली. नाही नाही.

"मग खायचं?" पीचसाहेब.

हो हो हो. मानेनेच.

"यादीत नाही." फाईल उघडून बेचाळीस भाज्यांची नावं बोट लावून वाचली, सावकाश. खरंच नाही. मग म्हणाले — आणि हे चांगल्या मनाने म्हणाले, त्यांचा स्वभावच तसा, नियम तो नियम पण न्यायाने — "खायचं असेल तर खाऊन बघतो. चव कळली की वाद मिटला."

आणि वाकले. मातीत हात घातला. एक अळकुडी तोडली, चड्डीला पुसली, चाकू काढला, सोलली. नवलकोलासारखी!

मला माहीत होतं. घशात सुया. हान्हबाईंनी सांगितलं होतं. तोंड उघडलं मी — हवा आली. हात वर केला.

"अगं एकच तुकडा! एवढा कंजूषपणा बरा नव्हे," ते हसून म्हणाले, आणि मोठा घास घेतला.

एक. दोन. तीन वेळा चावलं. मग थांबले. डोळे मोठे. मग अजून मोठे. मीटरपट्टी पडली.

"काय झालं?" नॉयबर्टबाई.

"अंऽऽ," पीचसाहेब. "अंऽऽऽ!"

उवेकाका बिअर घेऊन कुंपणावरून आले — सरळ कुंपणावरून! बिअरने काही नाही. मग दही आणलं, अर्ध्या किलोचा डबा. पीचसाहेब आमच्या बाकावर बसले, जीभ डब्यात, दहा मिनिटं. शेजारी मी. आवाज नाही कोणाला. नॉयबर्टबाई वहीत लिहीत होत्या, पेन खुपसून खुपसून.

पुढच्या छत्तीस बागांची पाहणी साहेबांनी खुणांनी केली. अंगठा वर, अंगठा वर, अंगठा वर. कोणाला हरकतच घेता येईना. संध्याकाळी लोक खुशीत होते म्हणे. उवेकाका म्हणाले, "बत्तीस वर्षांत एवढी शांत पाहणी झाली नाही."

मला हसू येत नाही. मला माहीत होतं.

१३ जुलै

माहीत होतं आणि सांगितलं नाही. दहावीच्या तोंडी परीक्षेतही असंच — वीस मिनिटं बसले, उत्तरं सगळी येत होती, एक अक्षर नाही. पण तेव्हा कोणाची जीभ नव्हती सुजली.

१९ जुलै

नोटीस. नॉयबर्टबाईंचं अक्षर. सत्तावीस नंबर: तिसऱ्या भागात भाजी नाही. शिवाय विषारी झाडं. "विषारी" खाली दोन रेघा. सहा सप्टेंबरला सभेत मत घेणार — बाग ठेवायची की काढून घ्यायची.

२१ जुलै

उपटून टाकावं? आणि नवलकोल लावावा? अजून दिवस आहेत.

एका झाडाला हात लावला. पानावर थेंब होता. पळाला.

नाही उपटत.

२४ जुलै

आज जे झालं ते कोणालाच सांगणार नाही. म्हणजे नाहीतरी कोणाला सांगते मी.

पीचसाहेबांना माफीचं पत्र लिहिलं. दोन पानं. सगळं — मला माहीत होतं, तोंड उघडलं नाही, सॉरी. त्यांच्या दारावरच्या पत्रपेटीत टाकलं. टाकलं त्या क्षणी वाटलं, नको! काढायला हात घातला. मनगटापर्यंत गेला. अडकला.

वीस मिनिटं. एक पोस्टमन आला, माझ्याकडे बघितलं, त्यांची पत्रं माझ्या दुसऱ्या हातात दिली, गेला.

मग दार उघडलं. पीचसाहेब. सपाता घातलेले. माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, आत गेले, भांडी घासायचा साबण घेऊन आले. मनगटाला लावला. हळूहळू फिरवत हात काढला. हाताबरोबर पत्रही आलं, फेसाने भरलेलं. त्यांनी तिथेच उभ्याने वाचलं, दोन्ही पानं.

त्यांचा आवाज अजून घोगरा आहे. "हे मला सांगून काय उपयोग?" म्हणाले. "बाग ठेवायची की नाही ते सभा ठरवणार. सभेला सांग."

"मला —"

"नियम आहे. ज्याची बाग, त्याने किंवा त्याच्या वतीने कोणी उभं राहून बोलायचं. नाही बोललं तर मत तसंच घेतात."

मग साबण माझ्या हातात दिला. "घरी नीट धू."

साबण माझ्याकडेच राहिला. आता तो परत द्यायला जावं लागेल!

३० जुलै

आत्याला फोन. सभेचं सांगितलं. म्हणाले, आत्या, तू ये, तू बोल, तू बोललीस की कोणाची हिंमत नाही. मग — "डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात गं." मागून इंगेबोर्ग हसल्याचा आणि ग्लास वाजल्याचा आवाज. दुःखात सोबत आहे ते बरं.

मलाच करायचंय.

५ ऑगस्ट

शिजवून न्यायचं. चाळीस माणसांसमोर बोलायचं कमी आणि वाढायचं जास्त.

पण मला शिजवता येत नाही. एकदाही शिजवलं नाही मी ते! पाच महिने सूपाच्या गप्पा, आणि सूप बघितलेलंसुद्धा नाही. विचारायचं तर हान्हबाईंनाच. म्हणजे आधी सांगायचं की आजी नाही. जुळे नाहीत. काका नाही.

९ ऑगस्ट

दुकानापर्यंत गेले. परत आले.

११ ऑगस्ट

दुकानापर्यंत गेले. आत गेले. नूडल्सची पाकिटं घेतली. परत आले.

१२ ऑगस्ट

सांगितलं!

कागदावर लिहून नेलं होतं. पण काउंटरवर ठेवला तर मागचं गिऱ्हाईक वाचेल म्हणून तोंडाने सांगितलं. जमिनीकडे बघत. "आजी नाहीये. कोणीच नाहीये. सूप केलंच नाही. सगळं मातीत पुरलं."

हान्हबाईंनी गल्ला बंद केला. मला वाटलं, आता हाकलणार. हसायलाच लागल्या! डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अगं, सूपाला कोणी कोंब आलेल्या अळकुड्या निवडून घेतं का? पहिल्या दिवशीच कळलं मला. तेव्हापासून मीच कोंबवाल्या बाजूला काढून ठेवते तुझ्यासाठी."

"मग आजीला कोथिंबीर —"

"तू इतकं मन लावून सांगायचीस! मला बघायचं होतं पुढच्या खेपेला कोण जन्माला येतंय. काकाचं लग्न होईल असं वाटलं होतं."

मग गंभीर झाल्या. पीचसाहेबांचं ऐकल्यावर कपाळाला हात लावला. "कच्चं? चाकूने? नवलकोलासारखं?" तीनदा विचारलं. तीनदा मी मान हलवली. "देवा. आणि हे लोक आमच्या मासळीच्या सॉसला नाकं मुरडतात."

रविवारी दुकान बंद असतं. तेव्हा बागेत येते म्हणाल्या.

१७ ऑगस्ट

हान्हबाई बागेत आल्या. फाटकातच थांबल्या. एका अळूच्या देठाला हात लावला, मग दुसऱ्या. उवेकाका कुंपणावर हजर — "बाईसाहेब, हे खरंच खातात?" त्या म्हणाल्या, "तुम्ही नवलकोल खाता, ते तरी कुठे पटतं मला."

दुकानातल्या अळकुड्या घेऊनच आल्या होत्या. शिकवलं. हात कोरडे ठेवायचे, ओल्या हाताने सोललं की खाजतं. (खाजतं! कोपरापर्यंत!) डुकराच्या बरगड्या आधी तासभर उकळायच्या. मग अळकुड्या, अगदी मऊ होईपर्यंत — "बोटाने दाबलं तर विरघळली पाहिजे, नाहीतर तुमचे अध्यक्ष परत मुके." शेवटी चिंच. कोथिंबीर.

आम्ही तिघांनी तीन-तीन वाट्या खाल्ल्या. उवेकाकांनी बायकोलाही बोलावलं, म्हणजे लपायची जागा स्वतःच दाखवली.

वाक्याचा सराव केला. हान्हबाई पीचसाहेब झाल्या. डब्याचं झाकण फाईल म्हणून.

३ सप्टेंबर

अळकुड्या काढल्या. चौदा. बोटाएवढ्या! इतकी मोठी पानं आणि खाली एवढंसंच. चाळीस माणसांना चौदा बोटं?

हान्हबाई म्हणाल्या, "पाच किलो दुकानातल्या घाल. तुझ्या चौदाही त्यात. खोटं काय आहे त्यात? थोडं पातळ खरं आहे."

५ सप्टेंबर

झोपले नाही. वाक्य पाठ आहे. वाक्य पाठ आहे. वाक्य पाठ आहे.

६ सप्टेंबर

सभा. सगळं लिहिते, विसरायच्या आत.

वसाहतीच्या मोठ्या खोलीत अडतीस माणसं. आमचा विषय सातवा. आधी पाण्याचे मीटर, मग कोणाचा कुत्रा, मग उवेकाकांचा कोंबडा — पश्चिमेकडे अडकलेला कोंबडा हवामानाबद्दल दिशाभूल करतो अशी तक्रार होती. अर्धा तास! मी पातेलं मांडीवर घेऊन बसले होते. गरम. हलता येईना.

"सत्तावीस नंबर. विषारी झाडं," नॉयबर्टबाई. "कोणी बोलणार आहे?"

उभी राहिले. पातेल्यासकट. आरशासमोरचं वाक्य — गेलं! पूर्ण गेलं. अडतीस तोंडं. कोणीतरी खोकलं. पीचसाहेब घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. पेन खाली ठेवून.

किती वेळ गेला माहीत नाही. मग दुसरंच काहीतरी आलं तोंडातून.

"मला माहीत होतं."

आवाज केवढा निघाला! मीच दचकले.

"कच्चं खाल्लं की घसा सुजतो हे मला माहीत होतं. पीचसाहेब खात होते आणि मी सांगितलं नाही. अळूचा काही दोष नाही. माझा आहे. मला बोलताच येत नाही. ही भाजी आहे. शिजवायची असते. शिजवून आणलीय."

आणि बसले. पातेलं हिंदकळलं, नॉयबर्टबाईंच्या वहीवर सूप.

कोणी हललं नाही. उवेकाका वाटी घेऊन उठले तर मागून कोणी म्हणालं, "तुझं काय उवे, तू काहीही खातोस." खरं होतं ते. म्हणून काही सिद्ध होईना.

मग पीचसाहेब उठले. कोटाच्या खिशातून चमचा काढला. घरून आणला होता! वाटी भरली. सगळे त्यांच्या गळ्याकडे बघायला लागले. एक चमचा. गिळला. थांबले. नॉयबर्टबाई दह्याचा डबा घेऊन तयार, अगदी झाकण उघडून.

एक मिनिट. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"मीठ कमी आहे," पीचसाहेब म्हणाले.

आणि वाटी संपवली. दुसरी घेतली. मग रांगच लागली. मीठ फिरलं. पातेलं चाटूनपुसून.

मतं: ठेवायची — एकतीस. काढायची — चार. दोघं वाट्या धुवायला गेले होते. उवेकाकांनी दोन्ही हात वर केले, ते एकच धरा म्हणून नॉयबर्टबाईंनी लिहून घेतलं, सूपाच्या डागाशेजारी. पीचसाहेबांनी मत दिलं नाही. फाईल उघडली, यादीच्या शेवटी, बेचाळीसच्या खाली, पट्टी लावून लिहिलं — त्रेचाळीस, अळू. कंसात: शिजवून.

बाहेर पडताना साबण परत दिला.

७ सप्टेंबर

आत्याला फोन केला. "आत्या! वाचली! बाग वाचली!"

मग बारीक आवाजात — "असं? बरं... बरं." रडत होती बहुतेक.

२० सप्टेंबर

आत्या आली. काठी टेकत बागेत शिरली, अळूकडे बघितलं, कोंबड्याकडे बघितलं, बाकावर बसली आणि म्हणाली, "येट्टे, मला ही बाग कधीच आवडली नाही." एकेचाळीस वर्षं! नवऱ्याची हौस. तो गेला, मग सोडायला गेली तर सगळे म्हणाले, हाइड्रून, असं कसं. नाही म्हणवेना. म्हणून भाजी लावायची मुद्दाम बंद केली, की आपोआप काढून घेतील. "आणि तू वाचवलीस! इंगेबोर्ग तर हसून हसून पडली. मी राहते तिच्याकडेच, समुद्रावर." मग किल्ली काढून बाकावर ठेवली. "तुला हवी का? नको असेल तर नको म्हण, माझ्यासारखं करू नकोस."

हो म्हणाले. लगेच.

"काय?" आत्याने कानाला हात लावला.

"हो!! हवी!"

"ऐकू आलं!" कुंपणापलीकडून उवेकाका.